चौथा माणूस

इनासची ओम्नी मागायला गेलो तेव्हा
त्याने चावी दिली आणि दोन सूचना:
दुसरा गिअर दाबून घाल,
डावा दरवाजा आतनंच उघडतो.
विम्याबद्दल तो बोलला नाही.
मीही विचारलं नाही.
शेजाऱ्याकडून कोयता आणताना
कोण विचारतं, हा कोणाच्या नावावर आहे?

मागे गोणपाटात आडवं होडीचं इंजिन,
गाडीभर रॉकेलचा वास.
निवतीहून वेंगुर्ल्याला निघालेलो,
म्हापणच्या उतारावर एक रेडकू आडवं आलं
आणि थांबून माझ्याकडे बघत राहिलं,
जणू रस्त्याचा सातबारा त्याच्या नावावर.
मी स्टिअरिंग वळवलं.
चिऱ्यांचा गडगा चार पावलं पुढे आला.
इंजिनही पुढे आलं,
आणि माझ्या मनगटावर बसलं.

धूळ खाली बसायच्या आत
गडग्याच्या दोन्ही अंगांनी दोन धुरी उभे.
"माझो गडगो!"
"खंयचो तुझो?"
वीस वर्षं कुडाळच्या कोर्टात पडून असलेला प्रश्न
माझ्या बंपरने परत उकरला होता.
माझ्या हाताकडे कोणी बघितलं नाही.
रेडकू तेवढं बघत होतं.

संध्याकाळी नंदन कांबळी आला,
शर्टाच्या खिशात तीन पेनं, तिन्ही निळी.
डॅशबोर्डातला कागद काढला,
घडीवर फाटलेला, मुदत अजून चार महिने.
"पहिलो पक्ष इनास. दुसरो कंपनी.
तिसरो, ज्याचा नुकसान झाला तो.
म्हणजे गडगो."

गडग्याला मिळू शकतं.
गाडीला नाही, इनासने स्वस्तातला घेतलाय.
"आणि माका?"
नंदनने बोट ओलं केलं, पान उलटलं.
लायसन आहे, मालकाला विचारून नेलीस,
म्हणजे तुझं चालवणं कायदेशीर.
पंधरा लाखांचा एक रकाना आहे, मालक-चालक म्हणून.
"पण त्यात मालकानच मराक होया."

मी हसलो. हसताना मनगट दुखलं.
एवढा मोठा कागद,
त्यात चेसिसला नंबर, इंजिनाला नंबर,
कुठल्या अनोळखी दगडालाही जागा,
आणि ज्याच्या हातात चाक होतं
तो चौथा माणूस
कुठल्याच ओळीत नाही.

बरं, दगडाचे पैसे तरी?
नंदनने विचारलं, अर्जावर सही कोण करणार, मालक कोण?
दोघे धुरी एकदम गप्प झाले.
एकाने सही केली तर दुसरा कोर्टात तोच कागद नाचवणार.
दुसऱ्याने केली तर पहिला.
"ऱ्हांवदे," म्हणाले दोघे,
वीस वर्षांत पहिल्यांदा एका सुरात.

इनास उशिरा आला, चर्चमधनं, इस्त्रीच्या शर्टात.
गाडीभोवती एक फेरी मारली.
फुटलेल्या दिव्यात बोट घालून बघितलं.
मी शब्द जुळवत होतो: हप्त्याहप्त्याने, गणपतीनंतर, मासळी लागली की.
"गाडी म्हणजे पत्रो," तो म्हणाला,
"हात हलता मां?"
अंगठा हलवून दाखवला.
"मग झाला."

झालं नव्हतं. पाच हजार सातशे झाले,
गॅरेजवाल्याच्या पाठकोऱ्या कागदावर,
आणि ते मी दिवाळीपर्यंत फेडले.
गडगा मीच रचला, एका हाताने,
दोन्ही धुरी दोन्ही बाजूंनी मापं सांगत,
एक वीत इकडे, एक वीत तिकडे.
चिरे आणले इनासच्याच ओम्नीतनं.
तो चालवत होता, मी बाजूला,
प्लास्टरचा हात मांडीवर,
त्या सीटवरही विमा नसलेला.

फेब्रुवारीत परत मागितली गाडी.
त्याने चावी दिली, सूचना एकच,
दरवाजा दुरुस्त झाला होता.
पेट्रोलपंपावर सुटे शोधताना
नवा कागद हाताला लागला.
खाली, बारीक अक्षरांत, वाढीव हप्त्याची एक ओळ:
मालक सोडून गाडीतली इतर माणसं,
नाव न देता.

दोनदा वाचली. घडी घातली, होती तशी.
गाडी परत दिली तेव्हा
पेट्रोलचं बोललो, दुसऱ्या गिअरचं बोललो.
तो म्हणाला, गिअर तसोच ऱ्हवतलो.